145 च्या पलीकडे: राज्य सरकारातलं पक्षांचं बळाबळ सोलापुरात बसून कसं वाचायचं

प्रश्न असा आहे: नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत सोलापूर जिल्ह्यातल्या 11 जागांपैकी 5 भाजपला मिळाल्या आणि 6 विरोधकांकडे गेल्या. राज्यात मात्र महायुतीला 288 पैकी 230 हून जास्त जागा मिळाल्या, बहुमताला 145 लागतात. मग सरकारात कोणत्या पक्षाचं नेमकं किती चालतं हे कसं ओळखायचं, आणि या सगळ्यात सोलापूरचं वजन किती?

आधी जिल्ह्याचा हिशेब नीट मांडू. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर भाजपकडे. करमाळा, माढा, मोहोळ, माळशिरस राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) कडे. बार्शी ठाकरेंच्या शिवसेनेकडे, सांगोला शेकापकडे (शेतकरी कामगार पक्ष). राज्यात भाजप 132, शिंदे यांची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. समोर ठाकरे गट 20, काँग्रेस 16, शरद पवार गट 10. या आकड्यांवरून "भाजप मोठा, बाकी छोटे" एवढंच वाचलं तर पुढची पाच वर्षं अंदाज चुकत राहतात. मतांचं पारडं आणि जागांचं पारडंही वेगवेगळं असतं. त्या निवडणुकीत काँग्रेस आणि शिंदेसेना या दोघांनाही साधारण 12.4 टक्के मतं पडली, पण एकाला 16 जागा मिळाल्या आणि दुसऱ्याला 57. आणि जागा व सत्तेतली ताकद यांच्यातली तफावत त्याहूनही मोठी असू शकते.

ताकद मोजायला प्रत्येक पक्षाबद्दल दोन प्रश्न विचारायचे. हा पक्ष उठून गेला तर सरकार पडतं का? आणि तो गेल्यावर त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवून चालतं का? जो उठला तर सरकार पडतं आणि ज्याला पर्याय नाही, त्याचे आमदार 40 असोत की 15, त्याचं ऐकावंच लागतं.

2019 चा निकाल हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44, इतर 29. इतर बाजूला ठेवून जोड्या लावून बघा. भाजप अधिक शिवसेना 161. भाजप अधिक राष्ट्रवादी 159. भाजप अधिक काँग्रेस 149, हे व्यवहारात अशक्य असलं तरी गणितात बसतं. भाजपला वगळून उरलेले तिघं एकत्र आले तर 154, आणि त्यातला एकही कमी झाला की 145 गाठता येत नाही. म्हणजे 56, 54 आणि 44 या तिघांचं गणितातलं वजन अगदी सारखं होतं. 44 वाल्या काँग्रेसशिवाय महाविकास आघाडी उभीच राहत नव्हती, म्हणून विधानसभा अध्यक्षपद आणि महसुलासारखं खातं तिच्याकडे गेलं. आणि 105 वाल्या पक्षाशिवाय सरकार बनू शकत होतं, म्हणून सर्वांत मोठा पक्ष विरोधी बाकावर बसला. हे कोणाच्या चातुर्याआधी आकड्यांतच लिहिलेलं होतं.

हीच कसोटी 2024 ला लावा. भाजपला बहुमताला 13 कमी. शिंदे गेले तरी 132 अधिक 41 म्हणजे 173. अजित पवार गेले तरी 132 अधिक 57 म्हणजे 189. दोघांपैकी एकटा कोणीही सरकार पाडू शकत नाही, आणि एकाच्या असण्यामुळे दुसऱ्याची किंमत उतरते. दोघं मिळून सगळ्या विरोधकांसह गेले तर? 57, 41, 20, 16 आणि 10 मिळून 144 होतात. समाजवादी पक्ष, माकप, शेकाप धरले तर 145 ओलांडतात. कागदावर जमतं, पण ज्या फुटींतून हे पक्ष जन्माला आले त्या बघता ही मोट बांधणं कोणाच्याच हातात नव्हतं. म्हणून 2024 नंतर मित्रपक्षांच्या नाराजीच्या बातम्या वाचताना भावनेपेक्षा हा हिशेब आधी डोळ्यांपुढे ठेवावा.

तिसरा भागीदार आला की दुसऱ्याचं वजन घटतं, हे आधी जुलै 2023 मध्येही दिसलं होतं. जून 2022 मध्ये शिंदे 40 आमदार घेऊन बाहेर पडले तेव्हा भाजप 106 वर होता. त्यांच्याशिवाय सरकार शक्य नव्हतं, म्हणून 106 वाल्याने 40 वाल्याला मुख्यमंत्रिपद दिलं. 2 जुलै 2023 ला अजित पवार आठ सहकाऱ्यांसह मंत्री झाले आणि सरकारचं जगणं एकट्या शिंदे गटावर अवलंबून राहिलं नाही. ज्या अर्थखात्यावरून शिंदे गटाने महाविकास आघाडीत तक्रार केली होती, तेच अर्थखातं पुन्हा अजित पवारांकडे गेलं.

अपक्षांचं वजनही याच कसोटीवर ठरतं. 1995 मध्ये शिवसेना 73 आणि भाजप 65 मिळून 138 होत होते आणि सभागृहात 45 अपक्ष होते. सात जणांची कमतरता, म्हणजे प्रत्येक अपक्षाला भाव. त्यातले बरेच पश्चिम महाराष्ट्रातले होते आणि कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचा आग्रह त्यांनी धरला. बच्छावत लवादाने राज्यांना दिलेल्या कृष्णेच्या पाण्याच्या वाटपाचा फेरविचार 31 मे 2000 नंतर होऊ शकत होता, तोपर्यंत पाणी अडवायची घाई होती. 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं. 2019 मध्येही जिल्ह्यात करमाळा आणि बार्शी इथून अपक्ष निवडून आले होते. सरकार काठावर असताना अशा जागांचं मोल मोठं असतं. सत्ताधाऱ्यांकडे 230 असताना मात्र अपक्षाकडे मागायला फारसं काही उरत नाही. एक कायदेशीर बारकावा: अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर एखाद्या पक्षात रीतसर गेला तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे (पक्षांतरबंदी) अपात्र ठरतो. म्हणून तो "सहयोगी सदस्य" म्हणून राहतो, पक्षप्रवेश करत नाही.

आता मंत्रिमंडळ. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या 15 टक्क्यांवर बांधली. 288 चे 15 टक्के म्हणजे मुख्यमंत्र्यांसह 43. डिसेंबर 2024 मध्ये 42 जणांनी शपथ घेतली: भाजप 20, शिवसेना 12, राष्ट्रवादी 10. आमदारांच्या संख्येने भागून पाहा. भाजपला साधारण 6.6 आमदारांमागे एक मंत्रिपद, शिवसेनेला 4.75, राष्ट्रवादीला 4.1. लहान भागीदाराला प्रमाणापेक्षा जास्त मिळतं आणि मोठा ते सोसतो, कारण मुख्यमंत्रिपद आणि गृह खातं त्याने स्वतःकडे ठेवलेलं असतं. 2004 मध्ये याच सौद्याची दुसरी बाजू दिसली. राष्ट्रवादीचे 71 आणि काँग्रेसचे 69 आमदार होते, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिलं आणि राष्ट्रवादीने त्याची भरपाई उपमुख्यमंत्रिपद आणि जास्तीच्या मंत्रिपदांतून घेतली. सोलापूरकरांना तो निकाल वेगळ्या कारणाने आठवावा. त्याआधीच्या काही महिन्यांत मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे आणि उपमुख्यमंत्री विजयसिंह मोहिते पाटील असे दोघंही याच जिल्ह्यातले होते, पक्ष मात्र वेगवेगळे. 2024 च्या शपथविधीत जिल्ह्यातला एकही आमदार मंत्री नव्हता. वीस वर्षांत जिल्ह्याचं स्थान किती बदललं हे मोजायला एवढी तुलना पुरेशी आहे, आणि हा बदल जिल्ह्यात बोलला जायला हवा तेवढा बोलला जात नाही.

उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही. शपथ मंत्री म्हणूनच होते आणि अधिकार हातातल्या खात्याएवढेच असतात. राज्यमंत्र्याचं तर त्याहून कमी: कॅबिनेट मंत्री लेखी जेवढे विषय सोपवेल तेवढंच त्याच्याकडे. म्हणून मंत्रिपदं नुसती मोजून भागत नाही, खाती बघावी लागतात. गृह आणि सामान्य प्रशासन ज्याच्याकडे, त्याच्याकडे अधिकाऱ्यांच्या नेमणुका. बदल्यांचा 2005 चा कायदा साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आणि एप्रिल-मे महिना ठरवून देतो, पण मध्येच बदली करायची तर वरिष्ठ पातळीवरची, बऱ्याचदा थेट मुख्यमंत्र्यांची मान्यता लागते. अर्थखात्याचा हात सगळ्यांच्या फायलीवर असतो: खर्चाचा कोणताही प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी त्यावर वित्त विभागाचा अभिप्राय लागतो, आणि "निधी उपलब्धतेनुसार" या दोन शब्दांत वर्षभराचं काम अडकू शकतं.

सोलापूरच्या दृष्टीने डिसेंबर 2024 चं खातेवाटप असं वाचता येतं. कृष्णा खोऱ्याचं जलसंपदा, म्हणजे उजनी धरण, राधाकृष्ण विखे पाटलांकडे, भाजप. ग्रामविकास जयकुमार गोरे यांच्याकडे, भाजप. नगरविकास शिंदे यांच्याकडे, शिवसेना. महापालिकेच्या पाणी, ड्रेनेज, रस्त्यांच्या मोठ्या योजना याच दारातून जातात. सहकार आणि अर्थ राष्ट्रवादीकडे. साखर कारखान्यांच्या कर्जाला शासनाची थकहमी हवी असेल तर वाट तिथून. म्हणजे पंढरपूरच्या भाजप आमदाराला उजनीच्या आवर्तनासाठी स्वतःच्या पक्षाचा मंत्री, पण नगरपालिकेच्या योजनेसाठी दुसऱ्या पक्षाचा आणि कारखान्याच्या कर्जासाठी तिसऱ्या. एका पक्षाचा आमदार सत्तेत आहे म्हणून सगळी दारं उघडी, असा समज करून घेतला की निराशा ठरलेली. तीन पक्षांच्या सरकारात कामाचा पाठपुरावा करायचा तर आमदाराचा पक्ष कोणता हे बघण्याआधी ते काम कोणत्या खात्याचं आणि ते खातं कोणत्या पक्षाकडे, हे बघावं.

सभागृहातल्या यांत्रिकीकडे येऊ, कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

बहुमत म्हणजे नेहमी 145 नव्हे. विश्वासदर्शक ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होतो. 20 आमदार गैरहजर राहिले तर 268 पैकी 135 पुरतात. म्हणून काठावरच्या सरकारात विरोधात मत द्यायची गरज नसते, दांडी मारली तरी पुरते. 4 जुलै 2022 च्या शिंदे सरकारच्या ठरावावर 164 विरुद्ध 99 असं मतदान झालं. दोन्ही मिळून 263, म्हणजे दोन डझन सदस्यांची मतं त्यात नाहीत. आवाजी मतदानानेही ठराव मंजूर होतो, 12 नोव्हेंबर 2014 ला तसाच झाला. आवाजीत कोण कुठे उभं राहिलं याची नोंद राहत नाही, म्हणून विरोधक पोल (मतविभाजन) मागतात.

राज्यपाल कोणाला बोलावतात? सरकारिया आयोगाने क्रम सुचवला आहे: निवडणुकीआधीची युती, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतरची आघाडी ज्यात सगळे सरकारात असतील, आणि शेवटी ज्यात काहीजण बाहेरून पाठिंबा देतील ती. बहुमत सभागृहातच तपासायचं, राजभवनात नाही, हे बोम्मई खटल्याने 1994 मध्ये पक्कं केलं. तरीही पत्रांवर विसंबून चुका होतात. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे गटनेता म्हणून अजित पवारांचं पत्र धरून देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला, पण गटनेत्याचं पत्र म्हणजे आमदारांची मतं नव्हेत. 26 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी उघड मतदान आणि थेट प्रक्षेपणासह बहुमत सिद्ध करायला सांगितलं, आणि त्याच दिवशी राजीनामा आला. गुप्त मतदान असतं तर काय झालं असतं यावर तर्क करत बसण्यात अर्थ नाही. उघड मतदान म्हटल्यावर फुटायला तयार असलेले परत फिरतात, हे मात्र वारंवार दिसतं.

गुप्त मतदान उरतं ते विधान परिषदेच्या निवडणुकीत. आमदार परिषदेवर 30 सदस्य निवडतात, आणि तिथे मतपत्रिका कोणाला दाखवावी लागत नाही. राज्यसभेसाठी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. म्हणून युतीतली भेग सगळ्यात आधी परिषदेच्या निकालात दिसते. कोटा काढायचं सूत्र सोपं: वैध मतं भागिले जागा अधिक एक, आणि त्यावरची पुढची संख्या. 20 जून 2022 ला 10 जागा होत्या, कोटा 26 चा. भाजपचा पाचवा उमेदवार पुरेशी मतं हातात नसताना निवडून आला, काँग्रेसचा एक पडला, आणि त्याच रात्री शिंदे सुरतेला निघाले. ज्याला सरकारच्या आरोग्याचा अंदाज घ्यायचा आहे त्याने परिषदेच्या पहिल्या पसंतीच्या मतांचा तक्ता घेऊन बसावं. कोणत्या पक्षाची मतं त्याच्या संख्याबळापेक्षा किती कमी पडली, तेवढं काढलं तरी पुष्कळ कळतं.

पक्षांतरबंदी हा दुसरा मोठा गैरसमज. 1985 च्या दहाव्या परिशिष्टात एक तृतीयांश फुटीला मुभा होती. 2003 मध्ये ती काढली. आता उरलं आहे ते दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. 20 च्या गटात त्याला 14 लागतात, 16 च्या गटात 11, 10 च्या गटात 7, 57 च्या गटात 38, 41 च्या गटात 28. जिल्ह्यात शरद पवार गटाचे चार आमदार आहेत. राज्यातल्या दहापैकी सात जमल्याशिवाय कायद्याने ते सुरक्षित बाहेर पडू शकत नाहीत, म्हणजे नुसते सोलापूरचे चौघं फुटून भागत नाही. बातमीत "अमुक आमदार संपर्कात" असं आलं की हा भागाकार आधी करावा.

पण दोन तृतीयांश जमले की झालं, असंही नाही. परिशिष्टातली भाषा मूळ राजकीय पक्षाच्या विलीनीकरणाची आहे, नुसत्या आमदारांच्या गटाच्या वेगळं बसण्याची नाही. शिवसेनेच्या 2022 च्या फुटीवरच्या 11 मे 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं की प्रतोद (पक्षादेश काढणारा) आणि गटनेता नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही. राज्यपालांनी बहुमत चाचणीला सांगणं योग्य नव्हतं. पण मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. हा तिसरा मुद्दा प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याने पाठ करावा. सभागृहात हरणं आणि सभागृहाबाहेर राजीनामा देणं, यांचे कायदेशीर परिणाम सारखे नसतात.

पक्षादेश मोडला म्हणून आमदारकी आपोआप जात नाही. कोणीतरी अध्यक्षांकडे अर्ज करावा लागतो, पक्षाने 15 दिवसांत माफ केलं तर प्रश्न मिटतो, आणि अध्यक्षांनी निर्णय किती दिवसांत द्यायचा याची मुदत परिशिष्टात नाही. 2022 च्या जून-जुलैत शिवसेनेच्या फुटीवरून दाखल झालेल्या अर्जांवर निर्णय 10 जानेवारी 2024 ला आला, तोही न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर, आणि दोन्ही बाजूंपैकी कोणीच अपात्र ठरलं नाही. म्हणून युतीच्या वाटाघाटीत अध्यक्षपदाला मंत्रिपदाहून जास्त भाव असतो. महाविकास आघाडीने फेब्रुवारी 2021 मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यावर ते पद सरकार पडेपर्यंत भरलंच नाही. नव्या सरकारने मात्र विश्वासदर्शक ठरावाच्या आदल्या दिवशी, 3 जुलै 2022 ला, आधी अध्यक्ष निवडून आणला. क्रम असा का, ते यावरून कळेल.

कायद्याला वळसा घालायची दुसरी वाट अक्कलकोटच्या पलीकडे दिसली. कर्नाटकात 2018 ला भाजप 104, काँग्रेस 78 आणि जनता दल 37 होते. 37 वाल्याला मुख्यमंत्रिपद मिळालं, कारण त्याच्याशिवाय कोणाचंच जमत नव्हतं. जुलै 2019 मध्ये सत्ताधारी आमदारांनी पक्ष न सोडता आमदारकीचेच राजीनामे दिले. राजीनामे मंजूर झाले नव्हते, पण ते मतदानाला आले नाहीत, त्यामुळे बहुमताची रेषा खाली आली आणि 23 जुलैला ठराव 99 विरुद्ध 105 ने पडला. अध्यक्षांनी 17 जणांना अपात्र ठरवलं, पण न्यायालयाने त्यांना पोटनिवडणूक लढवायची मुभा ठेवली. काठावरचं सरकार कुठेही असो, फुटीच्या अंकगणिताबरोबर राजीनाम्यांचंही अंकगणित मांडून ठेवावं लागतं.

विधान परिषदेबद्दल थोडक्यात: साधं विधेयक ती आधी तीन महिने, परत आल्यावर एक महिना रोखू शकते, धन विधेयक फक्त 14 दिवस. सरकार पाडायचं बळ तिच्यात नाही. राज्यपालनियुक्त 12 जागा मात्र सौद्याच्या वस्तू होतात. नोव्हेंबर 2020 मध्ये महाविकास आघाडी सरकारने पाठवलेली यादी ते सरकार असेपर्यंत तशीच पडून राहिली.

आता जिल्ह्यात उतरू, कारण बळाबळाचा खरा चटका तिथे बसतो.

पालकमंत्री हा जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. सोलापूरला 2014 ते 2019 विजयकुमार देशमुख हे जिल्ह्यातलेच पालकमंत्री होते. त्यानंतर दिलीप वळसे पाटील, जितेंद्र आव्हाड, दत्तात्रय भरणे, राधाकृष्ण विखे पाटील, चंद्रकांत पाटील आणि जानेवारी 2025 मध्ये जयकुमार गोरे, सगळे बाहेरच्या जिल्ह्यांतले. घटनेच्या 243 झेडडी कलमाप्रमाणे नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकेच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. पण सोलापूरची महापालिका आणि जिल्हा परिषद दोन्हींची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आला. निवडून आलेले सदस्यच नव्हते, म्हणून त्या काळात समितीत उरले पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी. पक्षांच्या बळाबळावर कोणताही निकाल न लागता सत्तेचं केंद्र असं सरकतं, आणि याकडे कार्यकर्त्यांनी फार कमी लक्ष दिलं याची खंत वाटते.

नियोजनाचं वर्ष समजून घेतलं तर दबाव कधी टाकायचा ते कळतं. हिवाळ्यात आराखड्याचा मसुदा होतो. मग अर्थमंत्री विभागवार बैठका घेऊन मर्यादेच्या वर किती वाढ द्यायची ते ठरवतात. मार्चमध्ये अर्थसंकल्प, त्यानंतर निधी हप्त्यांनी येतो. कामाला प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. सत्ताबदलाचा घाव पहिल्या दोन टप्प्यांवर बसतो. जुलै 2022 मध्ये नव्या सरकारने जिल्हा नियोजनातल्या आधी मंजूर झालेल्या कामांना स्थगिती दिली. ज्या कामांचे कार्यारंभ आदेश निघालेले असतात त्यांना थांबवणं अवघड जातं, म्हणून विरोधी आमदाराने मान्यतेवर समाधान न मानता कार्यारंभ आदेशापर्यंत फाईल नेली पाहिजे. ग्रामविकासाच्या 2515 या लेखाशीर्षाखालची गावातली कामं यादीनेच येतात. शासन निर्णयाला जोडलेल्या प्रपत्रात गाव, काम, रक्कम आणि अनेकदा शिफारस करणाऱ्याचं नाव असतं. तालुकावार बेरीज करून पाहा. सत्ताधारी आणि विरोधी मतदारसंघांतला फरक कोणत्याही भाषणाहून जास्त सांगतो. आमदार निधी मात्र दोघांनाही सारखा, वर्षाला 5 कोटी.

सगळं पक्षावरच चालतं असंही नाही. एप्रिल 2021 मध्ये उजनीचं 5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला. त्या वेळी सोलापूरचे पालकमंत्री इंदापूरचेच आमदार होते. जिल्ह्यात सत्ताधारी आणि विरोधी दोन्हीकडून विरोध उठला आणि मे 2021 मध्ये आदेश रद्द झाला. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी असली तरी उपयुक्त साठा साधारण 53 टीएमसीच. त्यातले 5 म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. आकडा एवढा उघड होता की कोणत्याच आमदाराला गप्प बसणं परवडणारं नव्हतं. जिल्ह्याचे आमदार पक्षाबाहेर येऊन एकत्र बोलतील असा विषय निवडायचा तर तो असा, टीएमसीत मोजता येणारा असावा.

विरोधी सहा आमदारांच्या हातात काय आहे? विरोधी पक्षनेतेपदाला दहा टक्के, म्हणजे 29 आमदारांचा संकेत लावला जातो, आणि 2024 नंतर एकाही विरोधी पक्षाकडे तेवढे नव्हते. पण राज्याच्या 1978 च्या कायद्यात 29 हा आकडा नाही. संख्येने सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढंच आहे. त्यामुळे हा कायद्याचा नाही, अध्यक्षांच्या निर्णयाचा प्रश्न आहे. माहिती अधिकार कायद्यात तर मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तेव्हा सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता माहिती आयुक्तांच्या निवड समितीत बसतो, असं स्पष्टीकरणच आहे.

बाकी हत्यारं सभागृहातली: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, नियम 293 खालचा चर्चेचा प्रस्ताव, अंतिम आठवडा प्रस्ताव. यांत लक्षवेधी सगळ्यात उपयोगी, कारण मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे नोंदलं जातं. चूक होते ती विषय फार मोठा घेण्यात. "सोलापूरच्या पाण्याचा प्रश्न" असं म्हटलं की मंत्री योजनांची यादी वाचून बसतो. "उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीच्या अमुक टप्प्याचा निधी कोणत्या तारखेला वितरित झाला" असं विचारलं तर तारीख द्यावी लागते.

ज्यांना हे स्वतः तपासायचं आहे त्यांनी तीन कागद मिळवावेत: नियोजन समितीच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त, नागपूर अधिवेशनात मांडलेल्या पुरवणी मागण्यांचं पुस्तक, आणि 2515 च्या अलीकडच्या शासन निर्णयाचं प्रपत्र. पहिलं जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकाराच्या साध्या अर्जावर मागता येतं. दुसरं आणि तिसरं शासनाच्या संकेतस्थळांवर शोधता येतं. पुरवणी मागण्यांत खातेनिहाय रक्कम बघून त्या खात्यासमोर पक्षाचं नाव लिहा; तीन पक्षांच्या तीन बेरजा करा आणि त्या 20, 12, 10 या मंत्रिपदांच्या शेजारी ठेवा.